मायेचा तडा

मी एक जुनी लादी आहे. न्हाणीघरातली नव्हे आणि स्वयंपाकघरातलीही नव्हे. मित्रांनो, मी साडेचार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि तुमच्या दप्तरातल्या मोठ्या पट्टीइतकी, म्हणजे पूर्ण तीस सेंटिमीटर जाड आहे. मला कुणी उचलून घरी नेईल ही भीती मला कधी वाटली नाही. मी एका महामार्गाच्या तिसऱ्या पट्ट्यात राहते. कागदावर माझं नाव 'पॅनल क्रमांक ३१२' असं आहे, पण ज्यांनी मला घडवलं ते मला लादीच म्हणायचे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काँक्रीटला फार वेळ सलग बोलता येत नाही. गारठ्यात आम्ही आक्रसतो, उन्हात फुगतो, आणि फार लांबवर सलग राहिलो तर मध्येच, वाटेल तिथे, फुटतो. म्हणून माणसं ठरावीक अंतरावर आमच्या अंगावर स्वतःच एक सरळ रेघ कापतात. फुटायचंच असेल तर इथे फूट बाई, असं सांगतात. त्या रेघेला सांधा म्हणतात.

माझ्या गोष्टीतही सांधे आहेत. रेघ दिसली की दचकू नका. श्वास घ्या आणि पुढच्या लादीवर या.

────────

माझ्या जन्माआधी एका खोलीत माझ्याविषयी चौदा महिने बोलणं चाललं होतं. मी तेव्हा नव्हतेच. हे सगळं ऐकीव आहे. पुढे कधीतरी मॅडम माझ्याच अंगावर बसून डबा खात होत्या, तेव्हा त्यांनी सांगितलेलं.

मॅडम म्हणजे ज्यांनी माझा आराखडा काढला त्या. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. नकाशांच्या गुंडाळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत उभ्या केलेल्या, जशा दुकानात छत्र्या ठेवतात तशा. मॅडमना केसांत पेन्सिल खोचायची सवय होती. कधी कधी दोन-दोन असायच्या आणि तरीही त्या तिसरी शोधत फिरायच्या.

जुना रस्ता दोन पट्ट्यांचा होता. तोही काँक्रीटचाच, तीस वर्षांपूर्वीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना नवे पट्टे जोडायचे होते. आठवडाभर माणसं रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून जाणारे ट्रक मोजत बसली. खालची माती खणून, भिजवून, दाबून पाहिली. मग मॅडमनी माझी जाडी ठरवली.

"दोन सेंटिमीटर कमी केले तर नाही का चालणार?" असं त्यांना अनेकांनी विचारलं.

"तुमच्या चपलेचा तळ काढून टाका आणि चालून बघा," असं त्या प्रत्येकाला म्हणाल्या. तीस सेंटिमीटर कायम राहिले.

माझी लांबी मात्र त्यांनी जुन्या रस्त्याकडून घेतली. त्याचं एक कारण आहे. नवी लादी जुन्या लादीला लोखंडी सळयांनी बांधलेली असते. निम्मी सळई तिच्या अंगात, निम्मी माझ्या. दोघी वेगळ्या होऊ नयेत म्हणून. पण असं बांधलं की एक पथ्य पाळावं लागतं: जुनीचा सांधा जिथे, नेमका त्याच्यासमोर नवीचा सांधा. हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भांडारातून जुन्या रस्त्याचा नकाशा शोधून काढला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर दर साडेचार मीटरला एक बारीक, नीटनेटकी रेघ होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मॅडमनी आमच्या रेघा त्या रेघांसमोर आखल्या.

मग त्या रस्ता पाहायला आल्या. सुरुवातीचा भाग चालून पाहिला, शेवटचाही चालून पाहिला.

मधला गाडीतून पाहिला.

────────

आता रेघमामांना भेटा.

रेघमामा सांधे कापायचे. म्हणून त्यांचं नाव रेघमामा. खरं नाव मला माहीत नाही, हजेरी घेणाऱ्यालाही बहुधा आठवत नसावं. त्यांच्याकडे दातेरी चाकाचं एक यंत्र होतं, ढकलगाडीसारखं. ते चालू झालं की अर्धा मैल ऐकू जायचं. त्यांचा शर्ट नेहमी काँक्रीटच्या पांढऱ्या भुकटीनं माखलेला. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातची एकही लादी त्यांनी कापलेली रेघ सोडून दुसरीकडे फुटली नव्हती. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. सांगायचं काम मामी करायच्या.

मामी म्हणजे त्यांची बायको. त्या ताज्या काँक्रीटवर गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवायच्या. काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं, आणि हे पाणी पाजणं मामींचं. हातात रबरी नळी, डोक्यावर रुंद टोपी.

माझ्या शेजारच्या जुन्या लादीला मामांनी नाव ठेवलं होतं, थोरली. वर्षानुवर्षं उन्हातान्हात पडून तिची पाठ गुळगुळीत झाली होती.

माझा जन्म व्हायचा त्याच्या आदल्या दिवशी, दुपार उतरताना, मामा खडू घेऊन आले. माझी जागा तयार होती. खाली पक्का थर, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि जिथे सांधा यायचा तिथे सळयांचा पिंजरा. लादीवरून पुढच्या लादीवर भार नेतात त्या सळया. सगळं कागदाबरहुकूम. मामा थोरलीच्या काठावर लाल खुणा करत होते, आणि एके ठिकाणी थांबले. पुढचं थोरलीनं मला सांगितलं. तिच्या काठावर उभं राहूनच बोलणं झालं होतं.

"साहेब, जरा इकडे येता?"

साहेब म्हणजे त्या कामावरचे देखरेख करणारे इंजिनिअर. वाईट माणूस नव्हता, पण त्यांचा फोन सतत वाजायचा आणि ते सतत कुणाला तरी "आज होतंय, आज होतंय" म्हणत असायचे.

"काय झालं?"

"थोरलीचा सांधा इथे आहे. आपला पिंजरा पार तिथे. दीड मीटरचा फरक पडतोय."

"कागदावर कुठे आहे?"

"कागदावर तिथेच आहे."

"मग झालं तर. ही जुनी भेग असेल."

"भेग अशी सरळ नसते, साहेब. भेग पिऊन चालल्यासारखी जाते. ही सुतात आहे."

"मामा, तुम्ही रेघा मारा हो. नकाशे काढायला वर माणसं बसलीत ना?"

फोन वाजला. साहेब फोन घेऊन वळले.

मामा थोडा वेळ खडू बोटांत फिरवत उभे राहिले. मग ते स्वतःशीच म्हणाले, "बरं." आणि कागदावर होती तिथेच खूण केली.

────────

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येताना माझा जन्म झाला.

मी गाडीत गोल गोल फिरत आले. खडी, वाळू, सिमेंट, पाणी, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मला ओतलं. मग घराएवढं एक यंत्र मुंगीच्या चालीनं माझ्यावरून गेलं. त्याच्या खाली दांडे थरथरत होते, त्यांनी माझ्यातली सगळी हवा हुसकावून लावली. गुदगुल्या होतात का असं तुम्ही विचाराल. होतात. मागून एकानं लांब दांड्याची फळी फिरवून मला सपाट केलं आणि लगेच दुसऱ्यानं पाठीवरून लोखंडी कंगवा ओढला. बारीक बारीक रेषा उठल्या. गाड्यांची चाकं घसरू नयेत म्हणून हा कंगवा. माझा भांग त्या दिवशी पडला तो पडलाच.

ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून रात्रभर चाललेलं काम माझ्यापाशी संपलं. मी शेवटची. माझ्यापुढे शंभर मीटर नुसते पिंजरे उभे होते.

दुपारी मामा एक खिळा घेऊन माझ्याशेजारी बसले. सांधा कधी कापायचा हे घड्याळ सांगत नाही, खिळा सांगतो. खिळ्यानं ओरखडा काढायचा. खडीचे दाणे निघाले तर लादी अजून कच्ची. कापलं तर कड कुरतडली जाईल. पांढरी बारीक रेघ उठली की वेळ झाली. त्यानंतर उशीर केला तर लादी थांबत नाही, आपली वाट आपण शोधते.

"अहो, किती टोकरताय तिला? जेवून घ्या," मामी म्हणाल्या.

"ही तयार झाली की जेवतो."

"लग्नात माझ्यासाठी नव्हतात एवढे थांबलात."

"तू तयारच होतीस."

मामींनी नळीतलं पाणी मामांच्या पायांवर सोडलं. मामा हसत हसत उठले. पुन्हा ओरखडा काढला. पांढरी रेघ.

साडेतीन वाजता मामींनी गोणपाट बाजूला केलं आणि मामांनी माझा सांधा कापला. माझ्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका खोल, दोरीसारखा सरळ, कडेचा एक कणही न उडवता. मग त्यांनी त्या दिवशीच्या सगळ्या सांध्यांतली भुकटी पाण्यानं धुऊन काढली. सगळं आटपायला साडेपाच झाले, आणि नोंदवहीत तीच वेळ लिहिली गेली.

────────

तिसऱ्या दिवशी सकाळी अचानक गार वारा सुटला. थोरली आक्रसली. तिचा तो जुना सांधा, कागदावर नसलेला, केसभर उघडला. आमच्या दोघींच्या मध्ये सळया. ती ओढली गेली की मीही ओढली जाणार. तिला उघडायला तिचा सांधा होता. माझ्याकडे त्या जागी काहीच नव्हतं, नुसतं अंग. मी धरून ठेवायचा प्रय

        त्न केला.

मित्रांनो, ही रेघ कुणी कापलेली नाही.

────────

पहिल्यांदा मामींनी पाहिलं. त्यांनी पाणी घालायला गोणपाट उचललं, आणि ते तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. माझ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तडा. मामांनी कापलेला सांधा दीड मीटरवर, सरळ, निष्पाप, तसाच.

"अहो," त्या म्हणाल्या. नुसतं एवढंच.

मामा आले. खाली बसले. तड्यावरून बोट फिरवलं. थोरलीकडे एकदा बघितलं आणि उठून यंत्राजवळ जाऊन बसले.

दुपारपर्यंत साहेबांचा अहवाल तयार झाला. माझ्याच अंगावर कागद ठेवून त्यांनी तो लिहिला, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे:

*पॅनल क्र. ३१२ : आडवा तडा. कारण : सांधा वेळेत कापला गेला नाही (नोंद : सायं. ५.३०). संबंधित कामगारास यापुढे सांधे कापण्याच्या कामावर ठेवू नये.*

"साडेपाच?" मामी कडाडल्या. "साडेतीनला कापलंय! गोणपाट मी उचललंय या हातांनी!"

"वहीत साडेपाच आहे, मामी."

"वहीला काय कळतंय? वही होती का इथे उन्हात?" मग त्या मामांकडे वळल्या. "अहो, तुम्ही बोला ना काहीतरी! तोंडात काय काँक्रीट भरलंय?"

मामा बोलले नाहीत. मला कारण माहीत होतं. मधल्या दिवसांत त्यांनी मामींनाही सांगितलं नव्हतं की आपल्याला तो जुना सांधा दिसला होता. दिसला होता, एकदा विचारलं होतं, आणि हाकलल्यावर 'बरं' म्हणून चुकीच्या जागी कापलं होतं. अठ्ठावीस वर्षं जपलेला हात. तो उशिरा चालला असता तर त्यांना इतकं लागलं नसतं. तो वेळेवर चालला, आणि चूक आहे हे माहीत असून चालला.

साहेबांना तरी आठवत होतं का? मला वाटतं, आठवत होतं. ते मामांकडे बघणं टाळत होते.

मी सगळं सांगू शकले असते. थोरलीही. पण आम्हाला तोंड कुठे?

────────

मामांनी यंत्र पुसलं आणि गाडीत चढवलं.

────────

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांची सही झाली की अहवाल पक्का. मग मामांना या रस्त्यावर तर नाहीच, पण असं काम चालतं त्या कुठल्याही रस्त्यावर कुणी यंत्राला हात लावू देणार नव्हतं. आणि माझ्यापुढचे शंभर मीटर, तसेच्या तसे, कागदाबरहुकूम ओतले जाणार होते. तिथल्या बावीस लाद्यांचं काय होणार हे मला दिसत होतं.

"किती वाजता कापलं?" मॅडमनी विचारलं.

"साडेतीन," मामा म्हणाले.

"नोंद साडेपाचची आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

मॅडमनी गाडीच्या पुढच्या भागावर कागद ठेवला. केसांतून पेन्सिल काढली, पुन्हा खोचली, पर्समधून पेन काढलं. नकाशा त्यांनी चौदा महिने घासूनपुसून काढला होता. त्यात चूक असेल असं त्यांना वाटण्याचं काही कारण नव्हतं.

मामी पुढे आल्या. आवाज चढवला नाही.

"मॅडम, सही करा. तुमचं काम आहे ते. पण त्याआधी एकदा खाली बसून बघा. मी रोज वाकून पाणी घालते हिला, म्हणून सांगते. उभ्यानं लादी कळत नाही."

त्यांनी एक गोणपाट पिळलं, दुमडलं आणि माझ्या काठाशी ठेवलं.

मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग बसल्या. कपडे भिजले. तड्याकडे बघत राहिल्या. आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"हा इतका सरळ कसा?"



त्या गुडघ्यांवर सरकत सरकत तड्याच्या टोकापर्यंत गेल्या. माझा काठ संपला, थोरलीचा सुरू झाला. मामांनी सांधा पाहिला होता ती तिची कड आता माझ्या अंगाआड गेली होती, वरून मातीशिवाय काही दिसत नव्हतं. मॅडमनी केसांतली पेन्सिल काढली आणि टोकानं खरवडलं. आधी धूळ निघाली. मग टायरचा काळा चुरा. मग खडे. मग खोलात, जुन्या डांबरासारखं काहीतरी चिवट. पेन्सिलीचं टोक तुटलं. त्यांनी दुसरी काढली.

दोन्ही बाजूंना सरळ कडा. माणसानं कापलेल्या.

"दोरी आहे का कुणाकडे?"

मामा उठले. खिशातून सुताची गुंडी काढली. एक टोक थोरलीच्या पलीकडच्या काठाशी स्वतः धरलं, दुसरं मॅडमच्या हातात दिलं. सूत ताणलं. थोरलीचा सांधा आणि माझा तडा एकाच सुताखाली गेले.

"पण इथे सांधा नाहीये," मॅडम पुटपुटल्या. "नकाशात नाहीये."

"नकाशात नाही. रस्त्यात आहे." मामांनी कडेच्या गवतातलं एक गंजकं लोखंडी झाकण दाखवलं. "खालून पाण्याचा पाइप जातो. कधीतरी फुटला असेल, रस्ता खणला असेल. नंतर शंभर मीटर नव्यानं केला आणि सांधे आपल्या सोयीनं कापले. थोरलीचं ऑपरेशन झालंय, मॅडम. फायलीत लिहायला विसरले."

"आणि ही म्हणून तुटली."

"आमच्यात याला मायेचा तडा म्हणतात. शेजारीण जिथे उघडते तिथेच ही उघडते. दोघींना एकत्र बांधल्यावर दुसरं काय होणार?"

मॅडमनी सूत खाली ठेवलं. "मामा, हे तुम्हाला आज दिसलं?"

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला.

"आधी दिसलं होतं," मामा म्हणाले.

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं. एकदा."

कुणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही. मामी मात्र गरकन वळल्या. "मला नाही सांगितलंत ते!"

"काय सांगायचं? बरं म्हटलं आणि कापलं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"मला विचारलं होतं त्यांनी," साहेब एकदम म्हणाले. मान खाली होती. "मी म्हटलं कागदाप्रमाणे करा. मला वाटलं... मॅडम, कागद तुमचा होता."

"हो," मॅडम म्हणाल्या. "कागद माझा होता. आणि रस्ता मी इथे गाडीतून पाहिला."

त्या अजून खालीच बसल्या होत्या. अहवाल मागून घेतला. 'सांधा वेळेत कापला गेला नाही' यावर एक आडवी रेघ मारली. खालच्या ओळीवर दुसरी. मग माझ्या अंगावर कागद टेकवून लिहू लागल्या. पेनाचं टोक माझ्या कंगव्याच्या रेषांत अडखळत होतं, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं.

"मॅडम, हे वरपर्यंत जाईल," साहेब हळूच म्हणाले. "खाली सही तुमची आहे."

"म्हणून तर मी लिहितेय."

"थांबा," मामा म्हणाले. "निम्मी चूक माझी लिहा."

"ती कशी?"

"दुसऱ्यांदा विचारलं नाही."

मॅडमनी विचार केला. "निम्मी फार झाली. पाव घ्या."

"आणि साहेबांना?" मामी म्हणाल्या. "त्यांना काहीच नाही का वाट्याला?"

साहेब आधी लाल झाले आणि मग हसले. "लिहा, माझीही लिहा." मामी हसल्या नाहीत. त्यांनी मामांच्या हातातली सुताची गुंडी घेतली, नीट गुंडाळली आणि परत त्यांच्या खिशात ठेवली. "यंत्र उतरवा गाडीतून," त्या म्हणाल्या. "चढवताना कुणाला विचारलंत?"

────────

त्या दुपारी मॅडम आणि मामा पुढचे शंभर मीटर चालले. चालले कसले, रांगले. थोरलीच्या पुढच्या बहिणींचा एकेक सांधा खरवडून काढला, समोर खडूची खूण केली. एक जण खरवडत होता, दुसरा सूत धरत होता. सगळे पिंजरे हलवले. दोन दिवस काम थांबलं. साहेबांनी फोनवर "आज होत नाहीये" हे वाक्य पहिल्यांदाच म्हटलेलं मी ऐकलं.

त्या लाद्यांतली एकही आजवर रेघ सोडून फुटलेली नाही.

मला टाके घातले. तड्याला छेदून जाणाऱ्या खाचा पाडल्या, प्रत्येकीत एक सळई झोपवली, वरून सिमेंटचा मसाला भरला. ते काम मामांनी कुणाला करू दिलं नाही. मॅडम आल्या होत्या, त्याच दिवशी माझ्यावर बसून त्यांनी डबा खाल्ला आणि चौदा महिन्यांची गोष्ट सांगितली. त्या अहवालामुळे पुढचा एक मोठा रस्ता त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिला होता. तेही त्यांनी सांगितलं, डब्यातली भाजी संपवता संपवता. मामींनी त्यांच्या डब्यात आपल्यातली आणखी वाढली.

────────

मग रस्ता सुरू झाला. पहिल्याच दिवशी एका ट्रकवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, "लोण्यासारखा झालाय!" लोणी म्हणवून घ्यायला मला जरा संकोच वाटला, पण सुखही वाटलं. किती वर्षं झाली, मी मोजलेली नाहीत. बांबू गेले, पवनचक्कीची पाती गेली, एकदा एक आख्खं घर चाकांवरून गेलं. मामा, मामी आता येत नाहीत. मॅडमनी पुढे अनेक रस्ते आखले असं ऐकलं. असंही ऐकलं की त्या प्रत्येक रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पायी बघायच्या.

आता माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. सांध्यात भरलेला रबर जागोजागी उचकटलाय. त्यात खडे जाऊन बसतात. उन्हात फुगायला जागा उरत नाही, मग कडा कुरतडल्या जातात. पावसाचं पाणी खाली मुरतं. ओंजळभर रबराचं काम आहे, वर्षानुवर्षं राहून जातं. थोरलीची तर त्याहून वाईट दशा आहे, आणि मित्रांनो, तिला जे होतं ते मला होतंच.

तुम्ही मोठे व्हाल. कुणी रस्ता आखाल, कुणी भिंत बांधाल, कुणी दुसरंच काही. जुन्याला जोडून नवं करायची वेळ येईल. तेव्हा त्या जुन्याच्या शेजारी आधी खाली बसा. कुठे दुखलं होतं, कुठे खणलं होतं, ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. आणि तुम्हाला काही दिसलं, आणि विचारल्यावर कुणी हाकललं, तर परत जाऊन विचारा.

कधी या रस्त्यानं गेलात तर गाडीची काच खाली करा. चाकं सांध्यांवरून जाताना एका लयीत टक, टक, टक असा आवाज येतो. एका जागी मध्येच एक टक जास्तीचा येईल. चालकाला वाटेल, चाकाखाली खडा आला. तुम्ही त्याला सांगा, तिथे आम्ही दोघी आहोत.